पहिला पानी पडू द्या

चंद्रपुरात मे महिन्यात माणसाची किंमत तो किती थंड जागी बसतो यावरून ठरते. त्या हिशेबानं मी काही वर्षं या शहरातला फार मोठा माणूस होतो. बाहेर पारा ४६-४७ वर, जटपुरा गेटातून जाणारी माणसं दुपट्ट्यात गुंडाळलेली, फक्त डोळे उघडे, आणि मी एका कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये अंगात स्वेटर घालून बसलेलो. आईनं विणलेला, कोपरावर ठिगळ असलेला. स्वेटरचे पैसे प्रवासभत्त्यात मिळतील का, असं मी एकदा अकाउंट्सला विचारलं होतं. उत्तर अजून यायचं आहे.

उन्हाळ्यात या खोलीची लोकप्रियता वाढायची. डिसेंबरात मेलात तरी विचारपूस न करणारे साहेब मे महिन्यात दुपारी दीडला दारात उभे. "म्हटलं जरा सर्व्हर बघावा." मी खुर्ची द्यायचो. ते सर्व्हरकडे बघायचे, सर्व्हर लुकलुकायचे. अर्ध्या तासानं "उत्तम चाललंय" असा शेरा मारून, गार होऊन, साहेब परत जायचे. पर्चेसवाले एक जण तर डबा घेऊनच तपासणीला यायचे.

माझं काम काय, हे घरी समजावून सांगणं ही वेगळी गोष्ट. लग्नाच्या आधी सासरेबुवांनी विचारलं, "जावईबापू, नेमकं करता काय?" मी म्हणालो, सर्व्हरला पॅच लावतो. ते गप्प बसले. बाजूच्या खोलीतून आमच्या आईचा आवाज आला, "ठिगळं लावतो म्हना ना सरळ." मला तेव्हा राग आला होता. पुढं कधीतरी वाचलं, की हार्वर्डमध्ये १९४४ साली सुरू झालेलं मार्क-१ नावाचं अजस्र गणकयंत्र कागदी पट्टीला पाडलेल्या भोकांवर चालायचं, आणि भोक चुकीच्या जागी पडलं तर त्यावर खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवायचे. तोच पॅच. म्हणजे आमची आई, जिनं आयुष्यात गोधडीपलीकडे काही शिवलं नाही, ती बरोबर होती आणि माझ्या व्हिजिटिंग कार्डावरची इंग्रजी पदवी ही नुसती हवा होती.

ठिगळांचंही वेळापत्रक असतं. मायक्रोसॉफ्टनं २००३ च्या ऑक्टोबरपासून दर महिन्याचा दुसरा मंगळवार त्यासाठी राखून ठेवला आहे. अमेरिकेत तेव्हा मंगळवारची सकाळ असते, आपल्याकडे मंगळवारची रात्र. आता मंगळवारी आमच्याकडे कुणी केस कापत नाही, न्हावी दुकान बंद ठेवतो, आणि ही माणसं त्या दिवशी जगभरच्या सर्व्हरांना कात्री लावतात. मी शिपाईकाकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हनूनच बिघडते जी." काकांचं तांत्रिक ज्ञान मर्यादित होतं, पण अंदाज बहुधा बरोबर निघायचा.

आलेला पॅच लगेच लावायचा नसतो. आधी फॉर्म, मग समिती. फॉर्ममध्ये चौदा रकाने. त्यातला तेरावा रकाना: 'काम फसल्यास पूर्वस्थिती कशी आणणार?' वर्षानुवर्षं या रकान्यात मी एकच वाक्य लिहीत आलो: 'पूर्वस्थिती आणण्यात येईल.' समिती ते वाचायची, गंभीरपणे मान हलवायची आणि सही करायची. सगळ्यांना चहा हवा असायचा.

मुहूर्त शनिवारी रात्री अकराचा. का? तर तेव्हा काम कमी असतं. काम कमी असतं ते बाकीच्यांचं. दिवाळीनंतर मंडईचा हंगाम लागला की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. वडशाच्या कंपन्या एका रात्री कुठं कुठं तंबू ठोकतात याचा हिशेब नसतो. माझे मित्र त्या रात्री मांडी घालून, शाल पांघरून तिसऱ्या अंकाला रडत असायचे आणि मी एका काळ्या पडद्यावर टक्केवारी बघत बसायचो. ३० टक्के. ३० टक्के. ३० टक्के. चहा पिऊन आलो, ३० टक्के. झाडीपट्टीच्या नाटकात निदान मध्येच लावणी होते.

वर विजेची गंमत. आमच्या उशाशी महाऔष्णिक वीज केंद्र, आजची क्षमता २९२० मेगावॉट, कोळशाची राख आमच्या वाळवणावर, आणि भारनियमनाच्या काळात वीज गेली म्हणून आम्ही दिव्याखालचा अंधार या म्हणीचा प्रत्यक्ष प्रयोग करायचो. 'संगणक बंद करू नका' असं पडद्यावर लिहून येतं, ते वाचेपर्यंत पडदाच गेलेला असायचा. मग जनरेटर, मग जनरेटरवाल्याला उठवणं. तो म्हणायचा, रात्री बाहेर निघत नाही, त्या बाजूला वाघ दिसला. इतर शहरांत ही सबब असते. आमच्याकडे वनखात्याची सूचना असते, त्यामुळे वादही घालता येत नाही.

पण पॅच लावणं हे खरं काम नव्हेच. कापडावर कापड ठेवून टाके घातले की झालं, कुणीही करेल. खरं काम लावलेलं ठिगळ काढण्याचं. सहा महिन्यांनी काढून बघा एखादं. खालचं मूळ कापडही थोडं हातात येतं.

या बाबतीत आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीवाल्यांनी आपले संस्कार जपलेत असं माझं प्रामाणिक मत आहे. त्यांच्याकडे पॅच आधी नुसता 'लागू' करता येतो. हा साखरपुडा. जुन्या फाईली बाजूला जपून ठेवलेल्या असतात. पटलं नाही तर 'रिजेक्ट' म्हणायचं, ज्याची वस्तू त्याला परत. पटलं तर 'कमिट'. कमिट केलं की प्रणाली जुन्या फाईली पुसून टाकते. मग रिजेक्टची आज्ञा कितीही वेळा टाईप करा, ऐकत नाही. आमच्या एका सहकाऱ्यानं हे शिकल्यावर स्वतःच्या मोबाईलमध्ये बायकोचा नंबर 'कमिटेड' नावानं ठेवला होता. तो वाचला गेला. त्यानंतर बरेच दिवस दुपारी तो आमच्यातच जेवायचा.

आमचा मुख्य सर्व्हर मात्र सोलारिसचा, सन कंपनीचा. २०१० साली ओरॅकलनं सन विकत घेतली. आमच्याकडच्या डब्यावर तरीही सनचंच नाव होतं, माहेरचं नाव लावणाऱ्या बाईसारखं. सोलारिसच्या पॅचला नाव नसतं, नंबर असतो: सहा आकडे, मध्ये आडवी रेघ, मग दोन आकडे. लावायला 'पॅच-अ‍ॅड', काढायला 'पॅच-आरएम'. वाटतं किती सोपं. पण काढायचा झाला तर दोन अटी. एक, त्या पॅचच्या भरवशावर दुसरा कुणी पॅच उभा नसावा. असला तर आधी त्याला काढा, त्याच्याआधी त्याच्यावर उभा असलेल्याला. गंजीत तळाचा हंडा हवा असला की असंच होतं. आणि दोन, पॅच लावताना प्रणालीनं जुन्या फाईलींची जी बोचकी बांधून ठेवली, 'अन्डू' नावाची, ती जागेवर असावीत. ती कुठं असतात? डिस्कच्या एका अडगळीच्या कोपऱ्यात, जिथं सहसा कुणी जात नाही.

सहसा.

मे महिन्यात आमच्याकडे एक नवा पोरगा लागला. हुशार, उत्साही, भद्रावतीहून रोज मोटारसायकलनं यायचा, उन्हातून आल्यावर सर्व्हर रूममध्येच थांबायचा आणि थांबलाय तर काहीतरी करायला हवं म्हणून डिस्क झाडायचा. सोमवारच्या बैठकीत त्यानं सांगितलं, डिस्क ९७ टक्के भरली होती, आता ६१ टक्क्यांवर आहे. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. काय काढलंस, हे कुणी विचारलं नाही. घर झाडणाऱ्याला कुणी विचारतं का, केरात काय गेलं?

जूनच्या पहिल्या शनिवारी रात्री मी कर्नलचा एक पॅच लावला. शिपाईकाकांनी नारळ फोडला, महाकालीचं नाव घेतलं. पहाटे चारला सर्व्हर उठला, सगळे दिवे हिरवे. मी घरी जाऊन झोपलो. सकाळी आठला ट्रक तोलायच्या आमच्या धरमकाट्यावरून फोन.

"साहेब, वजन शून्य येऊन राहिलं."

"कशाचं?"

"सगळ्याच ट्रकचं."

धरमकाट्याचा प्रोग्राम कोणे एके काळी नागपूरच्या कुणीतरी लिहून दिलेला. त्या कुणीतरीला नंतर कुणी पाहिलेलं नाही. काटा वजन दाखवायचा बरोबर, पण तिथून केबलनं सर्व्हरपर्यंत येता येता नव्या पॅचशी त्याचं काहीतरी बिनसायचं आणि चलनावर छापून यायचं: शून्य किलो. भरलेला ट्रक शून्य किलो, रिकामा ट्रक शून्य किलो, आणि निव्वळ माल, वजाबाकी करून, शून्य किलो. गणित अगदी चोख. बल्लारपूरच्या बाजूला ट्रकांची रांग लागली. एक सरदारजी चलन हातात नाचवत माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी हिंदीत विचारलं, की माझा ट्रक शून्य किलोचा असेल तर टोलही शून्यच लागेल का.

मी शांतपणे 'पॅच-आरएम' टाईप केलं. प्रणाली म्हणाली, या पॅचच्या भरवशावर आणखी एक आहे. पोरगा मान खाली घालून उभा. त्यानं सोबत आणखी एक लावला होता, 'आलाच होता म्हणून'. बरं. तो काढायला गेलो. प्रणाली म्हणाली, त्याची जुनी बोचकी सापडत नाहीत. हे कसं? हा पॅच तर रात्रीचाच. तेव्हा उलगडा झाला, की पोरानं झाडलोटीनंतर डिस्क पुन्हा भरू नये म्हणून पॅच लावतानाच 'बोचकं बांधू नको' असा पर्याय दिला होता. सोलारिसमध्ये तशी सोय आहे. म्हणजे शिपाईकाकांनी फोडलेल्या नारळाच्या करवंट्यासुद्धा जागेवर होत्या, पण रात्रीच्या आधीचा सर्व्हर जगात कुठंच उरला नव्हता. टेप होती. टेपवरचा शेवटचा बॅकअप कधीचा, हे मी इथं लिहीत नाही. मला अजून पेन्शन घ्यायची आहे.

मी तेरावा रकाना आठवला. 'पूर्वस्थिती आणण्यात येईल.' कर्मणी प्रयोग ही मराठी भाषेची फार मोठी सोय आहे. त्यात करणारा कुठंच सापडत नाही.

तेव्हा मदतीला आले काटेवाले काका. संगणक आल्यावर काकांना 'अतिरिक्त' ठरवून एका खुर्चीवर ठेवलं होतं. त्यांनी टेबलाच्या खणातून लाल कापडी बांधणीचं रजिस्टर काढलं. बघतो तर आदल्या दिवसापर्यंतच्या सगळ्या नोंदी. ट्रक नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, ड्रायव्हरची सही. संगणक आल्यापासून रोज. कुणी सांगितलं नव्हतं.

"काका, हे कशासाठी लिहीत होता?"

"बसून का करू जी?"

काकांनी काट्यावरचा आकडा वाचून हातानं चलनं फाडायला सुरुवात केली. दुपारपर्यंत रांग संपली. सरदारजी टोल भरायला गेले.

त्याच रविवारी आमच्या मूल गावच्या घरी छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचे होते. मृग तोंडावर आला की कवेलू फेरावेच लागतात. वर्षभर वांदरं घरांवर नाचतात आणि एक वांदर एका उडीत चार कवेलू फोडतो, विनामूल्य. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा फेरणारे भाऊ शेवटच्या वळीवर होते. नव्या कवेलूंची चवड संपत आली होती आणि खाली भिंतीला टेकून जुने कवेलू नीट रचून ठेवलेले. काही तर चिरलेले. मी, सकाळपासून तापलेला, बाबांना म्हणालो, हा कचरा आजच उचलायला सांगा, विंचू होतात.

भाऊ वरूनच बोलले, "फेकाचे नसते जी. पहिला पानी पडू द्या."

"का?"

"नवा कवेलू कसा बसते ते पान्यालाच मालूम. गळला तं जुना टाकून देतो तितल्यापुरता. त्याले त्याची जागा मालूम राहते."

मी ओसरीवर बसलो. चौदा रकान्यांचा फॉर्म, समिती, मी घेतलेलं आठ दिवसांचं प्रशिक्षण, त्याचं फ्रेममध्ये लावलेलं प्रमाणपत्र, सगळं डोळ्यासमोरून गेलं. भाऊंचा दिवसाचा रोज माझ्या त्या प्रशिक्षणातल्या एका जेवणापेक्षा कमी होता.

पुढं मी या धंद्यातल्या थोरामोठ्यांच्या फजित्या लक्ष ठेवून वाचू लागलो. तेवढंच मनाला बरं. २०१७ चंच घ्या. मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चला एक पॅच दिला. अर्ध्या जगानं तो 'बघू सावकाश' म्हणून ठेवून दिला. १२ मे रोजी वॉनाक्राय आला आणि दीडशेएक देशांत कुलपं लावून, किल्लीसाठी खंडणी मागत फिरला. पॅच न लावणारे बुडाले. मग २७ जूनला नॉटपेट्या. तो शिरला युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे ठिगळातच सुई राहिली होती. मर्स्क ही जहाजांची बडी कंपनी आडवी झाली आणि तिच्यापायी आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनलही ठप्प झालं. कंटेनरच्या ट्रकांची रांग. मला सरदारजी आठवले.

मर्स्कला नंतर ४५ हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर दहा दिवसांत नव्यानं उभे करावे लागले. पण ज्याच्या जोरावर सगळं जाळं परत विणायचं, त्या मुख्य यादीची प्रत जगभरच्या एकाही कार्यालयात उरली नव्हती. फक्त घानामध्ये एक सर्व्हर वाचला होता. का वाचला? तिथं त्या वेळी वीज गेली होती! हे वाचलं त्या दिवशी मी भारनियमनाला मनातल्या मनात हात जोडले. घानातल्या माणसाला ब्रिटनचा व्हिसा नव्हता म्हणून तो डिस्क घेऊन नायजेरियाच्या विमानतळापर्यंत गेला आणि तिथं दुसऱ्याच्या हातात दिली, त्यानं ती लंडनला नेली. आमच्या गडचिरोलीकरांना यात काही नवल वाटणार नाही. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडला काय जातं आणि कसं जातं, हे त्यांना विचारा. या काठावरून त्या काठावर, एका हातातून दुसऱ्या हातात.

तर धडा असा निघाला, की अपडेट वेळेवर लावावं. लोकांनी तो घेतला. इतका घेतला, की अपडेट आपोआप लागू लागले, माणसाला विचारायचीही गरज नाही. मग १९ जुलै २०२४ उजाडला. शुक्रवार, आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजायचे होते. क्राऊडस्ट्राईक या सुरक्षा कंपनीनं एक छोटी फाईल पाठवली आणि जगातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. चूक कळून फाईल मागं घ्यायला त्यांना ७८ मिनिटं लागली. पण मागं घेऊन उपयोग काय? पडलेला संगणक चालूच होत नव्हता, तर त्याला मागं घेतल्याचं सांगणार कोण? प्रत्येक यंत्रापाशी माणसानं स्वतः जायचं, ते सेफ मोडमध्ये उठवायचं, ती एक फाईल हातानं पुसायची. पंचाऐंशी लाख वेळा. शहरात ठीक आहे, जिने चढायचे. पण जुलै महिन्यात, पुरात, पलीकडच्या काठावर एखादं यंत्र असेल तर? मला डोळ्यासमोर पोरगा दिसला, डोक्यावर पेन ड्राईव्ह, कमरेइतकं पाणी.

या वेळी ज्यांच्याकडे ते सॉफ्टवेअरच नव्हतं, ते जुन्या यंत्रांवर आरामात काम करत होते. म्हणजे २०१७ ला आळशी मेले आणि २०२४ ला तत्पर. आता माणसानं करावं तरी काय? आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं कुठं लावणार, असं आमची आई म्हणते. इथं तर ठिगळानंच आभाळ फाडलं होतं. त्या दिवशी आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. लोक त्यांचे फोटो काढून मिरवत होते. मी ते अक्षर निरखून पाहिलं. काटेवाल्या काकांच्या तोडीचं नव्हतं.

आमच्या त्या सर्व्हरचं पुढं असं झालं, की तिसऱ्या दिवशी कंपनीकडून त्याच पॅचची पुढची आवृत्ती आली, तोच नंबर, शेवटचे आकडे एकानं वाढलेले. ठिगळावर ठिगळ. ते लावल्यावर ट्रकांना वजन आलं. मधल्या तीन दिवसांची चलनं पोरानं रजिस्टरमधून बघून संगणकात भरली, काका शेजारी बसून एकेक आकडा वाचून दाखवत होते आणि मध्येमध्ये "सात लिहिला का एक?" असं स्वतःच्याच अक्षरावरून त्याला दटावत होते. सर्व्हर रूमच्या थंडीत काकांना हुडहुडी भरली, म्हणून मी माझा स्वेटर त्यांना दिला. तो परत मिळाला नाही.

मृगाचा पहिला पाऊस गुरुवारी आला. रात्री बाबांचा फोन: माजघरात, देवघराच्या बाजूला, एका जागी गळलं. भाऊ सकाळी येऊन गेले, चवडीतला चिरलेलाच एक कवेलू लावला, आता थेंब नाही. पैसे विचारले तर म्हणाले, फेरणीच्या हिशेबात आलं.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा फॉर्म भरला. तेराव्या रकान्यात लिहिलं: 'काटेवाल्या काकांचं रजिस्टर.' समितीनं हा फॉर्म मात्र वाचला. बराच वेळ कुजबुज झाली. मग अध्यक्षांनी चष्मा पुसून विचारलं, की बाकी ठीक आहे, पण आवृत्ती कोणती, ती लिहिलेली नाही.

मी लिहिलं: लाल कापडी बांधणी, दोनशे पानी, भाग तिसरा.

मंजूर झालं. चहा आला.